मॉडेल रॉकेटची 'शॉक कॉर्ड' कशाने बांधायची? घरच्या घरी अशी करा चाचणी

नांदगाव पेठ म्हटलं की अमरावतीकरांना एमआयडीसी आणि कापड कारखाने आठवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झालेलं १००० एकरांचं पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कही इथलंच. पण धाग्याचा आणि रॉकेटचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो सुरक्षेचा आहे.

शॉक कॉर्ड म्हणजे काय?

मॉडेल रॉकेट वर गेल्यावर मोटरमधला छोटा बारूद पेटतो. त्या गॅसच्या दाबाने रॉकेटचं टोक उडतं आणि पॅराशूट बाहेर येतं. टोक आणि नळी यांना जोडून ठेवणारी दोरी म्हणजे शॉक कॉर्ड. ती तुटली की पॅराशूट एकीकडे आणि नळी दुसरीकडे. मग नळी थेट खाली येते, कुणाच्याही डोक्यावर.

दोरीला दोन गोष्टी सोसाव्या लागतात: गरम गॅस आणि जोराचा झटका.

कोणता धागा कसा?

- रबरी इलॅस्टिक: झटका छान सोसतं, पण उष्णतेने कडक होऊन तुटतं.
- नायलॉन, पॉलिस्टर: मजबूत, पण साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतात.
- सुती दोरा: वितळत नाही, जळून काळा पडतो.
- केव्हलार: १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी ड्युपाँट कंपनीत शोधलेला धागा. ४०० अंशांपुढेच विघटित होतो. मात्र ताणत नाही, त्यामुळे झटक्यात कागदी नळी चिरू शकतो. उन्हातही कमजोर होतो.

म्हणून अनेक जण मोटरजवळ केव्हलार आणि पुढे इलॅस्टिक असं जोडतात.

चाचणी कशी करायची?

१. प्रत्येक धाग्याचे सारख्या लांबीचे तुकडे घ्या.
२. अर्धे तुकडे मेणबत्तीच्या ज्योतीत ३ सेकंद धरा. चिमट्यानेच धरा, पाण्याची बादली जवळ ठेवा, मोठं माणूस सोबत हवं.
३. जळालेल्या आणि न जळालेल्या तुकड्यांना २०० ग्रॅम वाळूची पिशवी बांधून १ मीटरवरून सोडा. १० वेळा.
४. कितव्या वेळी आणि कुठे तुटला, ते वहीत लिहा. बहुतेकदा गाठीजवळच तुटतो, कारण गाठ धाग्याची ताकद कमी करते.
५. दोरी नळीला चिकटवणारी कागदी घडीही तपासा. फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्या, मग वजन टांगा.

जो धागा जळूनही टिकतो, तोच कामाचा.

हे मात्र करू नका

बारूद किंवा मोटर घरी बनवू नका. १८८४ च्या स्फोटके कायद्यानुसार परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं गुन्हा आहे. परवाने पाहणाऱ्या 'पेसो' संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. उड्डाण शिक्षकांच्या किंवा परवानगी असलेल्या संस्थेच्या देखरेखीखालीच करा. धाग्याची चाचणी मात्र आजच करता येते.