शिबंदीचा पैका

पानिपत शहराबाहेर थोड्या अंतरावर काला अंब नावाचे स्थान आहे. विटांचा एक स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा आणि सभोवती कुंपण, एवढेच तेथे पाहावयास मिळते. येथील आंब्याचे झाड रक्तामुळे काळे पडले अशी लोककथा आहे. ते झाड आता नाही, नाव मात्र उरले आहे. दिल्लीत नोकरीनिमित्त राहणारा मराठी माणूस एखाद्या सुटीच्या दिवशी येथे जातो, स्तंभापुढे क्षणभर उभा राहतो आणि परतताना गाडीत वाद सुरू होतो. भाऊसाहेबांनी सूरजमलाचे का ऐकले नाही? बाजारबुणगे आणि यात्रेकरू बरोबर का घेतले? होळकर रणांगण सोडून का गेले? हे प्रश्न जुने आहेत आणि ते निरर्थक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या सर्वांच्या तळाशी एक रुक्ष प्रश्न आहे. तो वादात सहसा निघत नाही. उत्तर हिंदुस्थानच्या रखवालीचा खर्च कोणी सोसावयाचा होता?

या प्रश्नाचा आरंभ १७५२ सालापासून करावा लागतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये वजीर सफदरजंगाच्या मध्यस्थीने बादशहा आणि पेशवे यांच्यात करार ठरला. अबदाली आणि अंतर्गत शत्रू यांच्यापासून मराठ्यांनी बादशाहीचे रक्षण करावे, त्याबद्दल त्यांस पन्नास लक्ष रुपये मिळावेत, पंजाब व सिंध यांची चौथाई मिळावी, आग्रा व अजमेर या सुभ्यांची सुभेदारी मिळावी, अशी त्यातील मुख्य कलमे. कागदावर यापेक्षा मोठा मान मराठी राज्यास कधी लाभला नव्हता. अडचण एवढीच की ज्या पंजाबची चौथाई द्यावयाची तो प्रांत बादशहाने त्याच सुमारास अबदालीस देऊन टाकला होता आणि ज्या खजिन्यातून पन्नास लक्ष मोजावयाचे तो रिता होता. बादशहाच्या स्वतःच्या सैनिकांचे पगार थकलेले होते. याचा अर्थ रखवालीची जबाबदारी मराठ्यांच्या गळ्यात पडली आणि तिचे वेतन वाऱ्यावर राहिले.

या जबाबदारीचा पहिला चटका बसला तो अंताजी माणकेश्वरास. १७५३ पासून हा सरदार दिल्लीकडे मराठी फौजेचा तळ राखून होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर राजधानीच्या बंदोबस्ताचा तो मराठी अधिकारी. त्याच्या पथकाच्या खर्चासाठी दोआबातील महाल लावून दिले होते. पण महालांचा वसूल हाती यावयाचा तर शिबंदी हवी, शिबंदी ठेवावयाची तर वसूल हवा, अशा चक्रात तो सापडला. अंताजीच्या हजेऱ्या व हिशेब यांविषयी पुण्यास संशय होता आणि तो सर्वस्वी निराधार होता असेही नाही. मात्र ठाण्यावर बसलेल्या माणसास पैका अपुरा पडतो आणि सदरेवर बसलेल्या माणसास प्रत्येक मागणीत लबाडी दिसते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना नवा नसेल. मंजूर पदे, भरलेली पदे आणि प्रत्यक्ष हजर असलेली माणसे यांतील अंतर मोजण्यातच ज्यांची निम्मी नोकरी गेली, त्यांना अंताजी आणि पुण्याचा दफ्तरदार हे दोघेही ओळखीचे वाटतील.

१७५७ च्या जानेवारीत अबदाली दिल्लीवर आला तेव्हा या काटकसरीची किंमत उघड झाली. त्याला अडविण्यास दिल्लीच्या परिसरात मराठ्यांचे जे होते ते अंताजीचे अवघे काही हजार स्वार. तरी तो लढला. फरीदाबादेजवळ अफगाण तुकडीशी झालेल्या झुंजीत त्याची मोठी हानी झाली आणि त्यास मागे हटावे लागले. दिल्ली लुटली गेली, पुढे मथुरेत कत्तल झाली. रखवालीची हमी कागदावर शाबूत होती, रखवालदार मात्र पुरेसे नव्हते.

पुढच्या वर्षी, एप्रिल १७५८ मध्ये, राघोबादादांच्या फौजा लाहोरास पोहोचल्या. मराठी मनाने त्या घोडदौडीचे पोवाडे गाइले, पण पुण्याच्या दफ्तरात तिची नोंद कर्जाच्या रकान्यात झाली. मोहिमेने उत्पन्नाऐवजी देणे आणले, म्हणून सदाशिवराव भाऊंनी कठोर शब्दांत जाब विचारला असे इतिहासकार सांगतात. हिशेबाचा जाणकार म्हणून भाऊंचा लौकिक होता. नियतीचा खेळ असा की पुढील मोहिमेची जबाबदारी याच हिशेबी पुरुषावर आली.

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीरचा विजय मिळवून भाऊ उत्तरेस निघाले तेव्हा बरोबर फौज मोठी होती, रोकड थोडी. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींना महिन्याच्या महिन्यास रोख वेतन द्यावे लागे. वाटेतील खंडणी व उत्तरेतील मामलतदारांचे वसूल यांवर बाकीची भिस्त होती. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, पण तेथे खजिना नव्हता. अखेर दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याचे नाणे पाडावे लागले. त्यातून सुमारे नऊ लक्ष रुपये निघाले असे सांगतात. एवढ्या फौजेस ते महिनाभर पुरले असतील. बादशाही वैभवाचा अपमान केला म्हणून या कृत्याबद्दल भाऊंना दोष दिला जातो. आमच्या मते ते उद्दामपणाचे कृत्य नव्हते. पगाराचा दिवस जवळ आलेल्या आणि हाती काहीच नसलेल्या सेनापतीचे ते कृत्य होते.

या काळात भाऊंची पत्रे पुनःपुन्हा जात होती ती गोविंदपंत बुंदेल्यांकडे. पैसा पाठवा, अबदालीची रसद तोडा, हा त्यांचा आशय. गोविंदपंत हे मामलतीत मुरलेले वृद्ध गृहस्थ. वसूल गोळा करण्यासाठी ठेवलेली शिबंदी ही रोहिल्यांशी आणि अफगाणांशी झुंजणारी फौज नव्हे. तरीही ते दोआबात उतरले आणि डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. त्याआधी ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकून भाऊंनी बरेच धान्य मिळविले होते. पण त्याच महिन्याअखेर अबदालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट बंद झाली. दिल्लीत नारो शंकर होते. तेथून पानिपतच्या छावणीकडे द्रव्य घेऊन निघालेली एक तुकडी रात्री वाट चुकून अफगाण गोटात शिरली आणि कापली गेली. छावणीत दागिने आटवून नाणे पाडल्याचे उल्लेख आढळतात. अखेर उपासमार असह्य झाली तेव्हा १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली. पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. अंताजी माणकेश्वरही त्या पराभवानंतर फरुखनगरच्या बाजूस मारले गेले. ज्या मुलखाचा बंदोबस्त त्यांनी अपुऱ्या पैक्यावर राखला, त्याच मुलखात त्यांचा अंत झाला.

केवळ पैसा असता तर पानिपत जिंकले असते असे आम्हांस सुचवावयाचे नाही. राजपूत व जाट दुरावले, शुजाउद्दौला अबदालीस मिळाला, या गोष्टी पैशाने सावरल्या असत्याच असे नाही. परंतु हेही विसरता येत नाही की जे दुरावले त्यांतील पुष्कळांना मराठ्यांच्या खंडणीचा जाच झाला होता. रखवालीचे वेतन ठरल्या जागेहून मिळेना, म्हणून ते वाटेल तेथून वसूल होऊ लागले. ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांनाच रक्षक नकोसा झाला. अपुऱ्या तरतुदीचा सर्वांत घातक परिणाम हा होय.

बंदोबस्ताचा खर्च कोणाचा, हा प्रश्न पेशवाईबरोबर संपला नाही. इंग्रजी अमलात नगरपालिकांच्या डोक्यावर पोलिसांचा खर्च होता. शिपायांवर हुकूम सरकारचा आणि पगार गावाच्या पट्टीतून, ही तक्रार ठिकठिकाणी होती. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावात नगरपालिकांना या ओझ्यातून मोकळे करावे आणि तो पैसा शिक्षणासारख्या स्थानिक कामी लावावा असे धोरण आले. मुंबई शहरात मात्र हा वाद दीर्घकाळ चालला. १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्याच्या मोबदल्यात प्राथमिक शिक्षणाचा भार महापालिकेने घेतला. पुढे राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांच्या सूचीत घातला. उत्तर अखेर सापडले ते साधेच होते. ज्याचा हुकूम त्याची थैली.

१७५२ च्या करारात नेमके हेच नव्हते. हुकूम बादशहाच्या नावाचा, तलवार पेशव्यांची, आणि थैली कोणाचीच नाही. काला अंबच्या स्तंभापुढे शौर्याचे स्मरण करावे, ते योग्यच आहे. पण तेथे जे पडले त्यांतील पुष्कळांचा तनखा थकलेला होता, याचेही स्मरण असावे. शूर माणसे मिळविणे राज्याला कठीण पडत नाही. त्यांचा पगार वेळेवर पोहोचविणे हे अधिक कठीण काम आहे, आणि ते दूरच्या मुलखात फायली हाताळीत बसलेल्या आपल्यासारख्यांच्या हाती असते.