हिवतापाच्या परजीवींची कुळे : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

सेनेगलची राजधानी डकार. तिच्या पूर्वेला थिएस नावाचे शहर आहे. तिथल्या रुग्णांच्या रक्तातले फॅल्सिपेरम या जातीचे हिवताप-परजीवी संशोधकांनी २००६पासून वर्षागणिक तपासले. प्रत्येक परजीवीच्या डीएनएतल्या २४ ठरावीक जागांवरची अक्षरे वाचायची आणि त्यांवरून त्याची ओळख पटवायची, अशी ही पद्धत. त्याच काळात देशभर कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या, तत्काळ निदानाच्या चाचण्या आणि आर्टेमिसिनिनवर आधारलेली औषधे पोचली. रुग्ण घटत गेले आणि निरनिराळ्या माणसांत अक्षर न् अक्षर जुळणारे परजीवी अधिकाधिक सापडू लागले. काही वाण एका पावसाळ्यातून पुढच्या पावसाळ्यात जसेच्या तसे उतरले. रोग ओसरतो आहे हे दवाखान्याच्या नोंदवहीत दिसत होतेच, पण आता ते परजीवींच्या जनुकांतही दिसू लागले होते.

ज्या विषयात तुम्ही पाऊल टाकत आहात त्याचे मर्म मला या उदाहरणात दिसते. परजीवींचे वैविध्य त्या जातीला एकदाच मिळून कायमचे राहिलेले नसते. एखाद्या गावात डास किती चावतात, किती माणसांच्या रक्तात एका वेळी अनेक वाण नांदतात, यांवर ते घडते आणि मोडते. म्हणून प्रसार समजल्याशिवाय जनुकांचा अर्थ लागत नाही, आणि जनुके वाचता आली तर प्रसाराविषयी पुष्कळ काही कळते.

सुरुवात डासाच्या पोटापासून करावी, असा माझा आग्रह आहे. माणसाच्या शरीरात या परजीवीची गुणसूत्रे एकेरी असतात. यकृतात आणि नंतर तांबड्या पेशींत तो केवळ स्वतःच्या प्रती काढत राहतो. नर व मादी पेशी रक्तात तयार होतात खऱ्या, पण त्यांचा संयोग होतो तो ॲनॉफिलिस मादीच्या पोटात. तिने रक्त ओढले की काही मिनिटांतच नर पेशीतून आठपर्यंत लांबट, वळवळणारी युग्मके सुटतात आणि मादी युग्मकांना जाऊन भिडतात. फलित पेशीत गुणसूत्रे तेवढ्यापुरती दुहेरी होतात. काही तासांत अर्धगुणसूत्री विभाजन होते आणि दोन्हीकडच्या १४ गुणसूत्रांची सरमिसळ होते. पुढे जठराच्या भिंतीवर बाहेरच्या अंगाला गाठी धरतात. रोनाल्ड रॉसला ऑगस्ट १८९७मध्ये सिकंदराबादेत दिसल्या त्या याच. गाठ फुटली की हजारो बीजाणू लाळग्रंथींकडे निघतात.

कळीचा प्रश्न असा, की त्या एका घोटात वाण किती होते? एकच असेल तर संयोग स्वतःशीच होतो. विभाजन झाले तरी संतती हुबेहूब मूळ वाणासारखी निघते. दोन किंवा अधिक असतील तर आधी कधीच नसलेली जुळणी जन्माला येऊ शकते. हे अनुमान होते, त्याला पुरावा हवा होता. डेव्हिड वॉलिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७मध्ये फॅल्सिपेरमच्या दोन वाणांचा संकर प्रयोगशाळेत घडवून दाखवला. त्यानंतर हमझा बाबिकर आदींनी टांझानियातल्या एका गावातले डास पकडून त्यांच्या जठरावरची एकेक गाठ वेगळी काढली आणि तिचे जनुक तपासले. परक्या वाणाशी झालेले संयोग तिथे सर्रास सापडले. या कामाविषयी मला फार आदर वाटतो. रक्ताच्या नमुन्यांवरून ज्याचा केवळ तर्क करता येतो, ते त्यांनी जिथे घडते तिथेच जाऊन पाहिले.

प्रयोगशाळेत तुमची पहिली गाठ बहुधा एमएसपी-२ या जनुकाशी पडेल. त्यातल्या काही तुकड्यांची पुनरावृत्ती वाणागणिक कमीजास्त असल्याने जनुकाची लांबी बदलते. पीसीआरने त्याच्या प्रती काढून जेलवर धावायला सोडल्या की प्रत्येक लांबीचा आपला एक पट्टा उमटतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या रुग्णाच्या रांगेत बहुतेक वेळा एकच पट्टा दिसतो. दाट प्रसाराच्या आफ्रिकी गावातल्या, ताप नसलेल्या, अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या रांगेत तीन-चार. मात्र पट्ट्यांची संख्या म्हणजे वाणांची किमान संख्या, हे ध्यानात असू द्या. सारख्या लांबीचे दोन वाण एकाच पट्ट्यात लपतात, आणि संख्येने अल्प असलेल्या वाणाचा पट्टा उमटतोच असे नाही. औषध घेतलेल्या रुग्णाला महिन्याभरात पुन्हा ताप आला, तर जुनाच परजीवी उलटला की नवा डास चावला, याचा निवाडाही अशाच पट्ट्यांवरून करतात.

जगाचा नकाशा म्हणून टिमोथी अँडरसन आणि सहकाऱ्यांचा २०००मधला अभ्यास आजही आधी वाचावा. नऊ ठिकाणचे परजीवी त्यांनी १२ सूक्ष्म-पुनरावृत्त खुणांवर ताडून पाहिले. दक्षिण अमेरिकेत वैविध्य थोडे, खुणा एकमेकींना बांधलेल्या आणि एका ठिकाणचे परजीवी दुसरीकडच्यांहून बरेच निराळे. आफ्रिकेत याच्या नेमके उलट. पण नियम इतका सरळ नाही. पापुआ न्यू गिनीत डासांचा त्रास भरपूर असूनही गाठींमधले बहुतेक संयोग स्वतःशीच झालेले आढळले होते. म्हणजे चाव्यांची संख्या पुरेशी नाही. एकाच माणसात वेगवेगळे वाण एकत्र येतात का, हेही पाहावे लागते.

औषधप्रतिरोधाचा प्रश्न इथूनच उभा राहतो. क्लोरोक्विनला दाद न देणारे परजीवी १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत पुढे आले, दाट प्रसाराच्या आफ्रिकेत नव्हे. भारतात त्यांची पहिली नोंद १९७३मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये झाली. विरळ प्रसाराच्या भागात लोकांची प्रतिकारशक्ती कमी असते. त्यामुळे लागण झालेला जवळजवळ प्रत्येक जण आजारी पडून औषध घेतो आणि परजीवीवर औषधाचा मारा सतत राहतो. रक्तात दुसरे वाण स्पर्धेला नसतात. अनेक जनुकांच्या मेळातून आलेला प्रतिरोध संकरात विस्कटतही नाही. आर्टेमिसिनिनच्या बाबतीत केल्च-१३ या जनुकातला सी५८०वाय हा बदल घेऊन एकच कुळ कंबोडियातून लाओस, व्हिएतनाम आणि ईशान्य थायलंडात पसरले. मात्र पुढे रवांडा आणि युगांडात याच जनुकातले वेगळे बदल सापडले आणि ते तिथेच उपजलेले निघाले. या विषयातल्या कोणत्याही सिद्धान्ताने आधी या नोंदींना उत्तर द्यावे, असे मी म्हणेन.

हिवतापाच्या व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीला फॅल्सिपेरमचे नियम लावू नयेत. त्याचे काही अंश यकृतात महिनोन्‌महिने निजून राहतात आणि पुन्हा उठतात. एकाच माणसात जुने आणि नवे वाण त्यामुळे सहज भेटतात. प्रसार विरळ झाला तरी वैविध्य टिकते, आणि रुग्ण घटले म्हणून जनुकेही आटली असतील असा अंदाज इथे फसतो.

आपल्याकडच्या अभ्यासकांना दूर जायची गरज नाही. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांमध्ये वाढणारा स्टीफेन्सी डास आहे, तर गडचिरोलीत जंगलपट्टा आणि फॅल्सिपेरम. गोव्यात रुग्णांमध्ये बांधकामावर परप्रांतांतून आलेले मजूर बरेच असतात. तिथल्या एका रुग्णालयात गोळा केलेल्या नमुन्यांत अनेक राज्यांचे परजीवी असू शकतात, आणि ते सगळे गोव्याचे मानून वैविध्य मोजले तर आकडा फुगतो. नमुन्यासोबत रुग्णाने गेल्या काही आठवड्यांत केलेल्या प्रवासाची नोंद नसेल, तर उत्तम यंत्रावर केलेले वाचनही अर्धेच उपयोगी पडते.

साधने आता मुबलक आहेत. मलेरियाजेन या जागतिक जाळ्याने २०२३मध्ये ३३ देशांतल्या २०,८६४ नमुन्यांची जनुकीय माहिती खुली केली. संपूर्ण जनुकसंच हाताशी असल्याने दोन परजीवींच्या डीएनएचे किती तुकडे नजीकच्या एकाच पूर्वजाकडून आले, हे मोजता येते, आणि गेल्या काही हंगामांतली ये-जा त्यावरून उमगते. उणीव आहे ती लक्षणे नसलेल्या माणसांच्या नमुन्यांची. त्यांच्या रक्तात परजीवी इतके थोडे असतात की गाळणकागदावर वाळवलेल्या थेंबातून जेमतेम डीएनए निघतो, आणि ही माणसे दवाखान्याची पायरीही चढत नाहीत. इंद्रावतीच्या एका काठाला गडचिरोली आहे, दुसऱ्या काठाला छत्तीसगड. दोन्ही काठांवरच्या अशा माणसांचे थेंब एकाच हंगामात, एकाच पद्धतीने गोळा करून वाचले, तर नदीपलीकडून परजीवी किती येतात आणि अलीकडचे किती इथेच टिकून राहतात, हे सांगता येईल.