पाणी दिलेली सुरी

गेल्या शनिवारी शिरूरला (जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात) एका लोहाराकडून सुरी करून घेतली. त्याचा पहिला प्रश्न, "डावरे का उजवे?" मग त्यानं माझी मूठ बघितली. मी चाटच पडलो.

माल म्हणजे ट्रकचा जुना कमानपाटा. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, म्हणून धार टिकते. पातं लाल करून एकदम थंड करायचं, हेच 'पाणी देणं'. नुसतं तेवढंच केलं तर पातं काचेसारखं तुटतं, म्हणून परत हलकं तापवून चिवट करतात. घरी आल्यावर टोमॅटो कापला आणि मजाच आली!

तसं यात नवल काही नाही. शंभर वर्षांपूर्वी शिरूर-दौंडच्या खेड्यांतलं जवळजवळ प्रत्येक अवजार कस्टम मेडच होतं. लोहार हा बलुतेदार. विळा, खुरपं, फाळ करायचा, वर्षभर शेवटून द्यायचा आणि सुगीत खळ्यावर धान्य घ्यायचा. चक्क अ‍ॅन्युअल मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट! दुरुस्ती एकदा करा की दहादा, धान्य तेवढंच. म्हणजे काम टिकाऊ करण्यात लोहाराचाच फायदा. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त ही सगळी व्यवस्था सापडते.

पण फार गहिवरून जायला नको. पीक बुडालं की लोहाराचं पोटही बुडालं. १८७६-७८ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग होरपळून निघाला. आणि धंदा जातीला बांधलेला, दर वाढवायची सोय नाही.

पुढे इथे ऊस आला, साखर कारखाने आले, कोयत्याला मागणी आली. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. एकेकाळी माणसाच्या मापानं अवजार व्हायचं. आता अवजाराच्या नावानं माणसं मोजतात.

लोहारानं सुरीचे चारशे सांगितले. सवयीनं "तीनशेला द्या की" तोंडावर आलं होतं. आपल्या कामाचा तासाचा दर आठवला आणि गप्प पैसे दिले.

"कोरडी पुसून ठेवा, गंज धरती. धार गेली की आणा, पैसे नाय घेणार," तो म्हणाला.

कॉन्ट्रॅक्ट अजून चालू आहे तर!