सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. म्हणजे गुणांची अट न घालता प्रवेश देणारे, मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारे स्थानिक महाविद्यालय. स्थापना १९३५. मंदीच्या काळात विद्यापीठ न परवडणाऱ्या शहरातल्या मुलांसाठी आर्चिबाल्ड क्लाउड यांनी ते उभे केले. स्वतःची इमारत नव्हती. एक तास एका जागी, तर पुढचा शहराच्या दुसऱ्या भागात. ट्राम पकडून वर्ग गाठणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे त्याला ‘ट्रॉली कार कॉलेज’ म्हणत.

आरंभी हेतू सरळ होता : दोन वर्षे शिकवून मुलांना विद्यापीठात किंवा नोकरीत पाठवायचे. १९७० मध्ये कॉलेज शहराच्या शाळा चालवणाऱ्या शालेय जिल्ह्यापासून वेगळे झाले आणि शहरातले प्रौढशिक्षणही नव्या कम्युनिटी कॉलेज जिल्ह्याकडे आले. तेव्हा ‘विद्यार्थी’ या शब्दाचा अर्थच पालटला. चायनाटाऊनमध्ये फी न भरता इंग्रजी शिकायला येणाऱ्या स्थलांतरिताला पदवी नको असते. डॉक्टरांशी, घरमालकाशी बोलता यावे, एवढीच त्याची निकड असते.

हा विस्तार पैशाच्या कसोटीवर अडला. राज्याचे अनुदान आटत असताना २०१२ मध्ये महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या मूल्यांकन आयोगाने कारभारावर आणि आर्थिक स्थितीवर बोट ठेवले. कॉलेजने ध्येयपत्र नव्याने लिहिले. विद्यापीठ-प्रवेशाची तयारी, पदव्या, व्यवसायशिक्षण आणि इंग्रजीसह पायाभूत कौशल्ये ही मुख्य कामे ठरली. आजीवन शिक्षण आणि सांस्कृतिक समृद्धी ‘साधने असतील तरच’ या अटीखाली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते कॉलेजच्या इतिहासातला सर्वांत जड शब्द म्हणजे हा ‘तरच’. ज्यांच्या शिकण्याला प्रमाणपत्राचे टोक नसते, त्यांची जागा त्याने सैल केली. २०१३ मध्ये आयोगाने मान्यता काढण्याचा निर्णय जाहीर केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि विद्यार्थीसंख्या झपाट्याने घसरली.

जानेवारी २०१७ मध्ये मान्यता पुन्हा पक्की झाली. त्याच वर्षी शहराने रहिवाशांचे शिक्षणशुल्क स्वतः उचलले. हा खर्च भागावा म्हणून त्याआधी २०१६ मध्ये मतदारांनी महागड्या मालमत्तांच्या विक्रीवरील कर वाढवला होता.

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांचे २२ फूट उंच, ७४ फूट रुंद ‘पॅन अमेरिकन युनिटी’ हे भित्तिचित्र कॉलेजच्या मालकीचे आहे. १९४० मध्ये ते लोकांच्या डोळ्यांसमोर रंगवले गेले. ते ज्या नियोजित ग्रंथालयात लागायचे होते, ते ठरल्याप्रमाणे झालेच नाही आणि चित्र खोक्यांत पडून राहिले. १९६१ मध्ये ते कॉलेजच्या नाट्यगृहाच्या दालनात लागले.