राष्ट्राला घातलेली अट

पुण्यात इतिहास शिकवताना पहिल्या महायुद्धाचा भाग आला, की पोलंडचे उदाहरण मी हटकून देतो. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत वाटून घेतलेला हा देश. १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा पोलिश तरुण तिन्ही सम्राटांच्या फौजांत होते आणि एकमेकांवर गोळ्या झाडत होते. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तेव्हा पुण्यात आपली माणसं कुणाच्या बाजूला होती?" प्रश्नामागची बोच मी ओळखली. 'तुम्ही इंग्रजांचे शिपाई' हा टोमणा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत.

उत्तराची सुरुवात मी पोलंडपासूनच केली. १८४६ साली गॅलिशियातील जमीनदारांनी स्वातंत्र्यासाठी उठाव मांडला. त्यांच्याच वेठीला जुंपलेला शेतकरी त्यात सामील झाला नाही. उलट त्याने जमीनदारांचे वाडे लुटले, माणसे मारली. ती वेठ १८४८ मध्ये उठली, तीही परक्या सम्राटाच्या हुकुमाने. मग देशद्रोही कोण? वेठीतला माणूस, की वेठ कायम ठेवून त्याला 'देशबंधू' म्हणणारा?

आता पुण्याकडे या. १८५७ नंतर बदललेल्या लष्करी धोरणात महारांची भरती १८९० नंतर बंद झाली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडून लष्कर आणि पोलिसांत प्रवेश मागितला. दार उघडले ते युद्धात माणसे कमी पडू लागल्यावर. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडलीही. साम्राज्यालाही आपली गरज तेवढीच होती.

त्याच काळात, १९१६ पासून, टिळकांची होमरूल चळवळ जोरात होती. अस्पृश्यांनी काय केले? ११ नोव्हेंबर १९१७ रोजी मुंबईत नारायण चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली त्यांची सभा झाली. काँग्रेस-लीग योजनेला पाठिंबा देतानाच काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव करावा, अशी मागणी सभेने केली. लगेच दुसरी सभा भरली आणि तिने योजनेलाच विरोध केला. म्हणजे आपल्यातही दोन मते होती. पण आंधळे अनुयायी कोणीच नव्हते. डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसने तो ठराव केला. तोवर अशा ठरावाची तिला तीस वर्षांत गरज भासली नव्हती!

मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद झाली. देव अस्पृश्यता मानू लागला तर त्याला देव मानणार नाही, अशा आशयाचे टिळक तेथे बोलले. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने अस्पृश्यता स्वतः न पाळण्याचे प्रतिज्ञापत्र निघाले. टिळकांनी त्यावर सही केली नाही. भाषण राष्ट्रासाठी होते. सही घरासाठी लागणार होती.

पोलंड नोव्हेंबर १९१८ मध्ये स्वतंत्र झाला. १९२० साली रशियन फौजा वॉर्साच्या रोखाने निघाल्या, तेव्हा विन्सेंटी वितोस हा शेतकरी पंतप्रधान केला गेला. संकटात राष्ट्राला तळचा माणूस आठवतो, हे तेथेही खरे ठरले.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो : आपली माणसे ना इंग्रजांच्या बाजूला होती, ना स्वराज्याच्या विरोधात. त्यांनी राष्ट्राला अट घातली होती. पाण्याला शिवू न देणाऱ्याच्या राष्ट्रात आम्ही कोण, हे आधी सांगा! ही अट घालणे म्हणजे द्रोह नव्हे. राष्ट्र घडवण्याचे ते पहिले काम होय.