ताण-हॉर्मोने आणि भावविकृती : आनुवंशिक संशोधनाचा इतिहास

अवसाद व उद्दीपन-अवसाद यांसारख्या भावविकृतींचा ताणप्रसंगी स्रवणाऱ्या हॉर्मोनांशी असलेला संबंध आणि त्यामागील आनुवंशिक घटक यांचा शोध विसाव्या शतकात सुरू झाला. ताणाच्या वेळी मेंदूतील अधोथॅलॅमस पोष ग्रंथीला आणि ती अधिवृक्क ग्रंथींना चालना देते. त्यांतून कॉर्टिसॉल स्रवते. रक्तातील त्याचे प्रमाण पुरेसे वाढले, की तेच मेंदूतील ग्राहींमार्फत या क्रमाला आवर घालते.

अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग (१८६९–१९३९) यांनी १९३२ मध्ये पोष ग्रंथीच्या अर्बुदाशी निगडित विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यात कॉर्टिसॉल वाढते आणि पुष्कळ रुग्णांना अवसादही होतो. भिन्न अपायकारक कारणांना शरीर एकाच प्रकारचा प्रतिसाद देते, असे हॅन्स सेल्ये (१९०७–८२) यांनी १९३६ मध्ये माँट्रिऑल येथील प्रयोगांवरून दाखविले. १९४८ पासून संधिवातावर कॉर्टिसोन वापरले जाऊ लागले, तेव्हा काही रुग्णांत अतिहर्ष, तर काहींत अवसाद दिसला. पुढे बर्नार्ड कॅरल यांना तीव्र अवसादाच्या अनेक रुग्णांत डेक्सामेथासोन देऊनही कॉर्टिसॉल दबत नसल्याचे आढळले (१९६८). मात्र अन्य विकारांतही असे घडत असल्याने ही चाचणी निश्चित निदानास अपुरी ठरली.

भावविकृती कुटुंबात आढळतात, हे पूर्वीच ज्ञात होते. जुळ्यांच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार (२०००) अवसादप्रवणतेतील सु. ३७ टक्के तफावत आनुवंशिक आहे. तथापि एकच कारक जीन शोधण्याचे प्रयत्न फसले. पेनसिल्व्हेनियातील आमिश कुटुंबांत १९८७ मध्ये अकराव्या गुणसूत्राकडे निर्देश करणारा पुरावा मिळाला. १९८९ मधील फेरतपासणीत तो टिकला नाही. २००४ मध्ये म्यूनिक येथील संशोधकांनी ‘एफकेबीपी ५’ या जीनाकडे लक्ष वेधले. त्यापासून बनणारे प्रथिन ग्राहींची कॉर्टिसॉलविषयीची संवेदनक्षमता घटविते. या जीनाची विशिष्ट रूपे असलेल्यांत बालपणीच्या छळाचे परिणाम अधिक तीव्र असतात, असे २००८ मध्ये दिसून आले; अशा आघाताने जीनावरील रासायनिक खुणा बदलतात, हे २०१३ मध्ये आढळले. आठ लाखांहून अधिक व्यक्तींच्या २०१९ मधील अभ्यासात अवसादाशी निगडित १०२ आनुवंशिक भेद मिळाले. प्रत्येकाचा प्रभाव अत्यल्प आहे.

यावरून आनुवंशिकता म्हणजे अटळ नियती नव्हे, हे स्पष्ट होते. वारशाने रोग येत नाही, तर प्रवणता येते. तिचे रोगात रूपांतर होणे पुष्कळ अंशी परिस्थितीवर, विशेषतः बालपणीच्या अनुभवांवर, अवलंबून असते. त्यामुळे रुग्णाच्या कुळाला दोष देण्यास शास्त्रीय आधार उरत नाही.