तुमची आजी कोण?

अलिबागजवळ समुद्राच्या कडेला नवगाव म्हणून गाव आहे. तिथं जुन्या दफनभूमीत मातीचे उंचवटे आहेत. बेने इस्राएल लोक सांगतात, शेकडो वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेतं इथंच पुरली. पोथ्या-पुस्तकं सगळी बुडाली. लेखी पुरावा म्हणाल तर काही नाही; हे उंचवटे हाच काय तो दाखला. एवढं ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

वाचलेल्यांचे वंशज कोकणात गावोगाव पांगले आणि तेलाच्या घाण्यावर बसले. शनवार हा त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी घाणा बंद आणि बैलालाही विसावा. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडलं. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी तेलाचं भांडं शुक्रवारीच भरून आणावं लागे. शनवारी गेलात तर बसायला पाट मिळे, पाणी मिळे, तेल मिळत नसे. त्याचा कुणाला राग नव्हता. नेम म्हटला की तो पाळायचाच, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. गावावरूनच त्यांची आडनावं पडली: केहिमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर.

पुष्कळ काळ त्यांना वेगळी प्रार्थनेची जागा नव्हती. शमुवेल इझिकेल दिवेकर हा इंग्रजी फौजेतला माणूस, गावाकडं त्याला सामाजी हसाजी म्हणत. टिपूच्या कैदेतून तो सुटून आला आणि १७९६ साली मुंबईत त्यानं पहिलं सिनेगॉग बांधलं. ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचं दार, असं त्याचं नाव. साधी माणसं त्याला मशीदच म्हणत. मुंबईतल्या मशीद स्टेशनाचं नाव त्याच्यावरून पडलं असं सांगतात. पुढं रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथंही सिनेगॉगं उभी राहिली. अलिबागचं १८४८ सालचं, इस्राएल आळीतलं.

ही मशीद म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा नव्हती. मुकादम हा जमातीचा पुढारी, चौगुला त्याच्या हाताखालचा. गब्बाय खजिना सांभाळी, हजान प्रार्थना चालवी, समाश दिवाबत्ती बघे. वाटणीचं भांडण असो की मोडलेली सोयरीक, पहिल्यांदा मुकादमाकडं जायचं. चार वडीलधारी बसत, दोन्हीकडचं ऐकून घेत, दंड ठरवत. ऐकलंच नाही तर वाळीत टाकत. तोराच्या पाचव्या पुस्तकात आज्ञा आहे की गावोगावी न्याय करणारे नेमा आणि न्यायाची पाठ सोडू नका. कोकणातल्या या जमातीनं ती आज्ञा गावकीच्या रीतीनं पाळली.

पण गावकी आली की तिच्या खोडीही आल्या. जमातीत दोन तट होते, गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. कातडीच्या रंगाशी याचा संबंध थोडाच. ज्यांची आई किंवा आजी-पणजी बाहेरच्या समाजातली, ते काळे. देव एक, प्रार्थना एक, शनवार एक. तरी गोऱ्यांची त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगत नाही. जातीच्या गावात शतकं काढल्यावर जातीचं पाणी मुरणारच. न्यायाला बसणारे मुकादम याच घरांतले. दुसऱ्याचं भांडण ते नेकीनं तोडत असतील. हे भांडण मात्र त्यांच्यासमोर भांडण म्हणून येतच नसे. ती रीतच होती.

मग तोच प्रश्न गोऱ्यांच्या दारात आला. १८३०च्या सुमारास बगदादकडचे ज्यू व्यापारी मुंबईत येऊ लागले. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्याच मशिदीत येत, त्यांच्याच दफनभूमीत आपली माणसं पुरत. पण १८३६ साली डेव्हिड ससून आणि इतर काही जणांनी सरकारकडं अर्ज केला, की दफनभूमीत मधे भिंत घालून द्या. त्यांच्या मते बेने इस्राएल शुद्ध ज्यू नव्हते. पुढं १९३०च्या दशकात ब्रह्मदेशात रंगूनला हे प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या सिनेगॉगात बेने इस्राएलांना कारभारात हक्क मिळेना. ते हायकोर्टात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

सगळ्यांत मोठा घाव मात्र जेरुसलेमात बसला. १९४८ नंतर कोकणातली, मुंबईतली कुटुंबं नव्या देशात गेली. इथं घर विकलं, भांडी वाटली आणि बोटीत बसली. तिथं गेल्यावर काही रब्बी त्यांची इतर ज्यूंशी लग्नं लावीनात. १९६१ साली मुख्य रब्बींच्या मंडळानं लग्नं वैध ठरवली, पण १९६२च्या फेब्रुवारीत सूचना निघाल्या. बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी असेल तर आईकडच्या पिढ्या जितक्या मागं जाता येईल तितक्या तपासा. तुमची आई कोण? आजी कोण? तिची आई कोण? घरात कुणाचा काडीमोड झाला होता का? कागद कुठला आणायचा? कागद तर नवगावच्या समुद्रात बुडाले होते.

या लोकांनी मग तेच केलं, जे त्यांच्या ग्रंथानं सांगितलं होतं. पाठ सोडली नाही. सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १९६४च्या उन्हाळ्यात बायकापोरांसह जेरुसलेमात धरणं धरलं. ऑगस्टमध्ये प्रश्न संसदेपर्यंत गेला. बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही, असं सरकारनं जाहीर केलं. त्याच महिन्यात रब्बींनीही सूचनांमधलं ‘बेने इस्राएल’ हे नाव काढलं. न्यायाची आज्ञा असलेला तो अध्याय सिनेगॉगात दरवर्षी साधारण याच दिवसांत वाचतात.

मला या हकिकतीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. “तुमची आजी कोण?” हा प्रश्न जेरुसलेमात विचारला तेव्हा तो अन्याय आहे हे सगळ्यांना लख्ख दिसलं. अलिबागेत, रोह्यात, पेणेत तोच प्रश्न आपल्याच भावाला विचारला जात होता, तेव्हा तो कुळाचार वाटत होता. आणि हे काही एकट्या बेने इस्राएलांचं नाही. आपल्या गावात विहिरीवर, पंगतीत, स्मशानात आपणही तोच प्रश्न विचारत आलो. दुसऱ्यानं केलेला अन्याय लांबून दिसतो. आपला दिसायला कुणीतरी आपल्याला पंगतीतून उठवावं लागतं.

गोरे-काळे हे शब्द आता विरत चालले आहेत. अलिबागच्या इस्राएल आळीत थोडीच घरं उरली आहेत. लोद, दिमोना, अश्दोदमध्ये मात्र अजून मराठी ऐकू येतं, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिथं चालवलं. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. मुलाबाळांना घेऊन तिकडची माणसं कधीमधी येतात, नवगावला जातात, उंचवट्यांपाशी उभी राहतात. त्या मातीखाली कोण कुणाच्या आजीचा, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. सगळ्यांसाठी प्रार्थना एकच होते.